डॉ. जॉन वॉकर यांचीं व्याख्यानें व त्यांच्या छात्रप्रती

ज्या अध्यापकानें ग्रंथ फारसे न छापतां आयुष्यभर शास्त्र शिकविलें, त्याचें मत कोणत्या साधनांवरून ठरवावें, हा प्रश्न पोथ्यांच्या संग्राहकांस नवा नाहीं. स्कॉटलंडांतील एडिंबरो विद्यापीठाचे सृष्टिविज्ञानाचे प्राध्यापक डॉ. जॉन वॉकर (१७३१–१८०३) यांचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

वॉकर हे पेशानें धर्मोपदेशक. रसायनशास्त्र ते विल्यम कलन यांजपाशीं शिकले. लिनीयस या स्वीडिश पंडिताशीं त्यांचा पत्रव्यवहार होता. १७६२ पासून मोफॅट गांवच्या चर्चचें काम त्यांजकडे होतें. गांवचे लोक त्यांस वेडा उपाध्याय म्हणत. वनस्पती व दगड गोळा करीत हिंडणाऱ्या माणसास लोकांनीं दुसरें काय म्हणावें? १७४५ च्या बंडानंतर सरकारजमा झालेल्या जहागिरींची व्यवस्था एका मंडळाकडे होती. त्या मंडळाच्या व चर्चच्या वतीनें वॉकर यांनीं १७६४ सालीं हेब्रिडीज बेटांची पाहणी केली. १७७१ त ते पुन्हां गेले. या पाहणीवरील त्यांचा ग्रंथ निघाला तो १८०८ त, म्हणजे मृत्यूनंतर.

विद्यापीठांतील या आसनावर प्रथम रॉबर्ट रॅमसे होते, पण त्यांनीं अध्यापन केलें नाहीं. १७७९ सालीं वॉकर यांची नेमणूक झाली. सुमारें ५० मैलांवरील मोफॅटची जागा मात्र त्यांनीं सोडली नाहीं. दोन दगडांवरील हे पाय १७८३ त ते शहराजवळच्या कॉलिंटन येथें आले तेव्हां कोठें जरा जवळ आले.

व्याख्यानांचे विभाग सहा: वातावरण, जल, भूरचना, खनिजें, वनस्पति आणि प्राणी. छापलें तें एवढेंच कीं वर्गासाठीं लॅटिन भाषेंत खनिजांच्या वर्गीकरणाच्या लहान पुस्तिका (१७८१, १७८२, १७८७) व १७९२ सालीं विषयांची एक रूपरेषा. हीं सूत्रें होत. भाष्य तोंडीं होई, आणि तें उरलें विद्यार्थ्यांच्या वह्यांत. त्या विद्यार्थ्यांत लिनीयसचा संग्रह हस्तलिखितांसह १७८४ त विकत घेणारे जेम्स एडवर्ड स्मिथ होते, वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन होते, आणि पुढें त्याच आसनावर ५० वर्षें बसलेले रॉबर्ट जेमसनही होते.

अशा वहीस ग्रंथाचें प्रामाण्य देतां येत नाहीं, हा आक्षेप खरा आहे. एक विद्यार्थी संक्षेप करतो, दुसरा लॅटिन नांव चुकीचें ऐकतो, तिसरा घरीं जाऊन मित्राच्या वहीवरून स्वच्छ प्रत करतो. म्हणजे लेखकदोष आणि पाठभेद आलेच. परंतु पोथीच्या बाबतींत आपण जें करतों तेंच येथें करावयाचें. ज्या वहीवर साल व नांव आहे, तिला पुष्पिकेची पोथी समजावें. दोन स्वतंत्र वह्यांत एकच विधान आलें तर तें गुरूचें धरावें. आणि निरनिराळ्या वर्षांच्या वह्या ताडून त्याचें मत कसें बदलत गेलें तें पाहावें. छापील ग्रंथांत ही शेवटली गोष्ट क्वचितच मिळते. रसायनाचे प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांचीं व्याख्यानें रॉबिसन यांनीं १८०३ सालींच छापून काढलीं. वॉकर यांचीं भूविज्ञानावरील व्याख्यानें हस्तलिखितांतून छापली जाण्यास १९६६ साल उजाडावें लागलें.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. लघुकौमुदी ज्या शास्त्रीबोवांपाशीं मीं पढलों, त्यांच्या पाठाच्या माझ्या तीन वह्या होत्या. ग्रंथ छापील मिळतो, मग या कशाला, म्हणून घर बदलतांना त्या मींच रद्दींत घातल्या. शास्त्रीबोवांनीं कांहींच लिहून ठेवलें नव्हतें.

वॉकर अखेरच्या वर्षांत अंध झाले होते. त्यांच्यामागें पदार्थसंग्रहालयांतील बहुतेक वस्तु खाजगी मालमत्ता म्हणून त्यांच्या विश्वस्तांनीं नेल्या, आणि १८०४ सालीं जेमसन यांच्या हातीं तें जवळजवळ रिकामें आलें. वह्या विद्यार्थ्यांच्या घरीं होत्या, म्हणून त्या राहिल्या.