मुलुंडचा एक रेणू आणि हृदयाची संदेशसाखळी

महाराष्ट्रातील औषधउद्योगाचा इतिहास लिहिताना वाळूज, चिकलठाणा, तारापूर अशा औद्योगिक वसाहतींचा उल्लेख कारखाने आणि उत्पादन यांच्या संदर्भात होतो, आणि तो रास्तच आहे. परंतु हृदयाच्या पेशीपर्यंत आलेला संदेश आत कसा पोहोचतो आणि कोणती प्रथिने त्याचे नियमन करतात, हे उलगडण्यास ज्या रेणूची मोठी मदत झाली, तो मुंबईच्या मुलुंड उपनगरातील प्रयोगशाळेत हाती लागला, या गोष्टीला या इतिहासात मिळायला हवे तेवढे स्थान मिळालेले नाही.

ही प्रयोगशाळा हेक्स्ट या जर्मन कंपनीची होती. १९७०च्या दशकात तेथे भारतीय वनस्पतींचे अर्क काढून त्यांचा हृदय व रक्तदाब यांवरील परिणाम प्राण्यांत तपासला जात असे. त्यांत तुळशीच्या कुळातील मैनमूळ ही वनस्पती होती. गुजराती घरांत तिला गरमर म्हणतात आणि तिच्या मांसल मुळांचे लोणचे घालतात. सुजाता भट, नोएल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली या मुळांतील द्रव्याची रचना प्रसिद्ध केली व ते पुढे फोर्स्कोलिन या नावाने ओळखले गेले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनेही त्याच सुमारास हे द्रव्य स्वतंत्रपणे वेगळे करून त्याला कोलिओनॉल म्हटले होते. १९७८ साली लिंडनर, दोहदवाला व भट्टाचार्य यांनी दाखवून दिले की, या द्रव्याने हृदयाचे आकुंचन जोरदार होते आणि त्याच वेळी रक्तदाब उतरतो.

एकाच द्रव्याने हे दोन्ही परिणाम कसे घडावेत, या प्रश्नाचे उत्तर पेशीच्या संदेशव्यवस्थेत होते. अॅड्रेनालिन हृदयपेशीच्या आवरणावरील ग्राहक प्रथिनाला चिकटले की आतल्या बाजूचे जी-प्रथिन जागे होते. ते अॅडेनिलिल सायक्लेज या विकराला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, चालना देते आणि तो विकर सायक्लिक एएमपी हा लहानसा निरोप्या रेणू तयार करतो. अर्ल सदरलंड यांना याच रेणूवरील कामासाठी १९७१चे नोबेल मिळाले. हृदयात हा रेणू प्रोटीन कायनेज ए या प्रथिनाला कामाला लावतो आणि ते फॉस्फोलँबन या अवघ्या ५२ अमिनो आम्लांच्या प्रथिनावर फॉस्फेट चढवते. एरवी कॅल्शियमच्या पंपाला आवर घालणारे फॉस्फोलँबन तेव्हा बाजूला होते, कॅल्शियम वेगाने साठ्यात परतते, म्हणून हृदय लवकर सैल पडते आणि पुढचा ठोका अधिक जोमाने देते. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत मात्र त्याच रेणूमुळे शिथिलता येते, आणि रक्तदाब उतरतो तो यामुळेच. या साखळीला लगामही आहेत: दुसऱ्या जातीचे जी-प्रथिन विकराला रोखते, तर आरजीएस नावाची नियामक प्रथिने जी-प्रथिनाला लवकर निष्क्रिय करतात.

फोर्स्कोलिन या साखळीत नेमके कोठे काम करते, याचा निकाल १९८१ साली अमेरिकेत केनेथ सीमन आणि जॉन डेली यांच्या प्रयोगांनी लागला. उंदराच्या लिंफोमा या कर्करोगाच्या पेशींचे एक वाण असे होते की त्यात चालना देणाऱ्या जी-प्रथिनाचा कार्यकारी भागच नव्हता, त्यामुळे अॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांना त्या पेशी प्रतिसाद देत नसत. फोर्स्कोलिन घालताच मात्र त्यांतही सायक्लिक एएमपी तयार झाले. म्हणजे ग्राहक आणि जी-प्रथिन या दोन्ही पायऱ्या ओलांडून हे द्रव्य थेट विकराला भिडत होते. पुढे संशोधकांनी फोर्स्कोलिन अॅगरोजच्या मण्यांना जोडले, त्यांवरून पेशींचा अर्क सोडला आणि मण्यांना चिकटून राहिलेला विकर शुद्ध स्वरूपात मिळवला. त्याचे जनुक १९८९ साली हाती आले, तर १९९७ साली फोर्स्कोलिन व जी-प्रथिन यांच्यासह विकराच्या कार्यकारी भागाची त्रिमिती रचना उलगडली. जी-प्रथिनांच्या शोधासाठी मार्टिन रॉडबेल व आल्फ्रेड गिलमन यांना १९९४चे नोबेल मिळाले होते.

औषध म्हणून फोर्स्कोलिनची वाट बिकट ठरली, कारण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि हृदयाखेरीज इतर अवयवांतही तेच काम करते. जपानमध्ये त्याचे पाण्यात विरघळणारे रूप तीव्र हृदयअपयशासाठी वापरात आले, एवढेच. शिवाय दीर्घकालीन हृदयअपयशात सायक्लिक एएमपी वाढवणे घातक ठरू शकते, हे १९९१ साली मिलरिनोन या औषधाच्या मोठ्या चाचणीत दिसले आणि १९९०च्या दशकाअखेरीस हा संदेश रोखणारे बीटा-ब्लॉकर रुग्णांचे आयुष्य वाढवतात, हे सिद्ध झाले. तरीही प्रयोगशाळेचे साधन म्हणून फोर्स्कोलिनची योग्यता निर्विवाद आहे, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींतील सायक्लिक एएमपी वाढवण्यासाठी ते आजही सर्रास वापरले जाते.