विश यू वर हिअर (ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन)

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची 'विश यू वर हिअर' ही ध्वनिमुद्रिका १२ सप्टेंबर १९७५ रोजी प्रकाशित झाली. तिचे वेष्टन लंडनच्या हिप्नोसिस या संकल्पनसंस्थेने तयार केले. संकल्पना स्टॉर्म थॉर्गरसन यांची, दर्शनी छायाचित्र ऑब्री पॉवेल यांचे आणि बाह्य आवरणावरील स्टिकरचे चित्र जॉर्ज हार्डी यांचे होते. ध्वनिमुद्रिकेतील गीतांचा मध्यवर्ती आशय अनुपस्थिती हा आहे. हाच आशय वेष्टनाच्या प्रत्येक भागात, अगदी वेष्टन झाकून ठेवण्याच्या पद्धतीतही, व्यक्त झाल्यामुळे गीताच्या अर्थावरून वेष्टन कसे घडवावे याचे हे एक महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी

पिंक फ्लॉइडची स्थापना १९६५ साली लंडनमध्ये झाली. सिड बॅरेट हे बँडचे सुरुवातीचे प्रमुख गीतकार, गायक व गिटारवादक होते. मानसिक अस्वास्थ्य आणि अमली पदार्थांचे सेवन यांमुळे त्यांचे वागणे अनिश्चित होत गेले व १९६८ साली ते बँडपासून वेगळे झाले. त्यानंतर रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिलमोर, रिचर्ड राइट आणि निक मेसन या चौघांनी वाटचाल सुरू ठेवली. १९७३ सालच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या ध्वनिमुद्रिकेने त्यांना जगभर अफाट व्यावसायिक यश मिळाले. मात्र त्यानंतर सदस्यांमध्ये एक प्रकारची शिथिलता व परस्परांविषयीचा दुरावा निर्माण झाला.

पुढच्या ध्वनिमुद्रिकेतील गीते याच मनःस्थितीतून आली. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' हे नऊ भागांचे दीर्घ गीत बॅरेट यांना उद्देशून असून ते दोन खंडांत विभागून ध्वनिमुद्रिकेच्या आरंभी व अखेरीस ठेवले आहे. 'वेलकम टू द मशीन' आणि 'हॅव अ सिगार' या गीतांत संगीतव्यवसायातील कोरडेपणावर टीका आहे, तर शीर्षकगीतात दूर गेलेल्या माणसाची उणीव व्यक्त होते. शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'तू इथे असायला हवा होतास' असा आहे. प्रवासातून घरी पाठवायच्या पोस्टकार्डांवर इंग्रजीत हे वाक्य इतक्या सवयीने लिहिले जाते, की त्यातील खरी ओढ बहुधा हरवलेली असते. शीर्षकात हे दोन्ही अर्थ आहेत.

ध्वनिमुद्रण लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत झाले. ५ जून १९७५ रोजी बॅरेट तेथे अचानक आले. त्यांनी डोके व भुवया भादरल्या होत्या आणि शरीर स्थूल झाले होते. जुन्या सहकाऱ्यांना प्रथम त्यांची ओळखच पटली नाही.

संकल्पना

थॉर्गरसन आणि पॉवेल यांनी १९६८ साली हिप्नोसिसची स्थापना केली. त्याच वर्षापासून ते पिंक फ्लॉइडची वेष्टने करीत होते. थॉर्गरसन हे केंब्रिज येथे वॉटर्स व बॅरेट यांच्याच शाळेत शिकले होते. त्यामुळे गीतांतील अनुपस्थित व्यक्ती त्यांच्याही परिचयाची होती.

थॉर्गरसन १९७४ सालच्या दौऱ्यात बँडबरोबर होते. नवी गीते ऐकून त्यांनी त्यांच्या अर्थाचा विचार केला. ही गीते केवळ बॅरेट यांच्या आजारपणाविषयी नसून माणूस शरीराने हजर असूनही मनाने नसणे याविषयी आहेत, असे त्यांचे मत झाले. त्यामुळे बॅरेट यांचे छायाचित्र किंवा त्यांचे प्रतीक न वापरता 'नसणे' हीच गोष्ट दृश्य करण्याचे ठरले. जे नाही ते छायाचित्रात दाखवायचे कसे, हा या कामातील मुख्य प्रश्न होता.

दर्शनी छायाचित्र

दर्शनी भागावर सूट घातलेले दोन पुरुष हस्तांदोलन करीत असून त्यांपैकी एकाने पेट घेतला आहे. हस्तांदोलन ही जवळीक दर्शविणारी कृती असली, तरी व्यवहारात ती पुष्कळदा पोकळ असते. आपण दुखावले जाऊ या भीतीने माणसे खऱ्या भावना लपवतात, असा या चित्राचा एक अर्थ आहे. फसवणुकीने नुकसान झालेला माणूस 'भाजला' असे इंग्रजीत म्हणतात. मराठीतील 'हात पोळणे' हा वाक्प्रचार त्याच्या जवळचा आहे. मानधन बुडालेल्या कलावंतांच्या तोंडी संगीतव्यवसायात हा शब्दप्रयोग नेहमी असे. 'हॅव अ सिगार' या गीताच्या आशयाशी चित्राचा संबंध येथे जुळतो.

हे छायाचित्र कॅलिफोर्नियातील बरबँक येथे वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रपट स्टुडिओच्या आवारात घेण्यात आले. संगणकीय छायासंस्काराची सोय त्या काळी नव्हती. त्यामुळे माणसाला खरोखरच पेटवावे लागले. रॉनी रॉन्डेल आणि डॅनी रॉजर्स या दोन स्टंटमननी हे काम केले. रॉन्डेल यांनी नेहमीच्या सुटाखाली अग्निरोधक पोशाख घातला होता व डोक्यावरील संरक्षक टोपीवर केसांचा टोप चढवला होता. वाऱ्याची दिशा प्रतिकूल असल्याने ज्वाळा त्यांच्या चेहऱ्याकडे वळल्या आणि त्यांची मिशी जळाली. पुढे दोघांच्या जागांची अदलाबदल करून छायाचित्र घेतले व ते नंतर आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटवण्यात आले.

अन्य छायाचित्रे

वेष्टनावरील चार प्रमुख छायाचित्रे चार तत्त्वांशी निगडित आहेत. दर्शनी चित्रात अग्नी आहे. पृथ्वीचे चित्र मागील बाजूस असून त्यात वाळवंटात उभा असलेला विक्रेता दिसतो. त्याला चेहरा नाही. मनगटे आणि घोटेही नाहीत. त्यामुळे तो माणूस नसून रिकामा सूट आहे, असे लक्षात येते. कलेचा आत्मा गमावून केवळ विक्री करणाऱ्या व्यवसायाचे हे चित्र आहे.

वायूचे चित्र इंग्लंडमधील नॉरफक परगण्यातील आहे. झाडांच्या राईत वाऱ्यावर उडणारे तांबडे तलम वस्त्र आणि त्याआड जवळजवळ लपलेली विवस्त्र स्त्री असे त्याचे स्वरूप आहे. जलतत्त्वाच्या चित्रात कॅलिफोर्नियातील मोनो सरोवरात सूर मारलेल्या माणसाचे फक्त पाय पाण्याबाहेर दिसतात. पण पाणी उडालेले नाही आणि तरंगही नाहीत. त्यासाठी तो माणूस पाण्यात डोके खाली करून पृष्ठभाग शांत होईपर्यंत निश्चल राहिला होता. कृती घडली, परंतु तिची खूण उरली नाही, असा भाव त्यातून निर्माण होतो. हेच चित्र असलेले एक पोस्टकार्ड मूळ तबकडीसोबत देण्यात आले होते. शीर्षकातील वाक्य अशा रीतीने आपल्या मूळ जागी परतले.

काळे आवरण व स्टिकर

अनुपस्थितीची कल्पना थॉर्गरसन यांनी आणखी पुढे नेली. सर्व वेष्टन गडद, अपारदर्शक प्लॅस्टिकच्या आवरणात बंद करून मुखपृष्ठच अनुपस्थित ठेवावे, असे त्यांनी सुचवले. रॉक्सी म्यूझिक या बँडची 'कंट्री लाइफ' ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेत हिरव्या अपारदर्शक आवरणात विकली गेली होती. त्यावरून ही कल्पना सुचली. ब्रिटनमधील ईएमआय कंपनीने फारशी हरकत घेतली नाही. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीला मात्र इतक्या खर्चाने तयार केलेले चित्र ग्राहकापासून लपवणे मान्य नव्हते. अखेरीस तिचा विरोध बाजूला सारून आवरण कायम ठेवण्यात आले.

आवरणावर ओळखीसाठी एक स्टिकर लावला गेला. त्यावर बँडचे व ध्वनिमुद्रिकेचे नाव असून मध्यभागी दोन यांत्रिक हातांचे हस्तांदोलन आहे. यांत्रिक हातांतून 'वेलकम टू द मशीन' या गीताचा संदर्भ येतो. पार्श्वभूमी चार तत्त्वांत विभागलेली आहे. बँडच्या चार सदस्यांच्या जन्मराशीही याच चार तत्त्वांच्या आहेत. दर्शनी छायाचित्रावर मात्र कोणतेही नाव नव्हते.

तबकडी वाजवण्यासाठी ग्राहकाला आवरण फाडणे किंवा एका कडेने कापणे भाग होते. त्यामुळे मूळ आवरण व स्टिकर शाबूत असलेल्या प्रतींना संग्राहकांमध्ये विशेष महत्त्व आहे.

नंतरचा काळ

ही ध्वनिमुद्रिका ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. सीडीच्या काळात सुमारे ३० सेंटिमीटरचे वेष्टन सुमारे १२ सेंटिमीटरवर आले आणि दर्शनी चित्र आवरणाविनाच सर्वत्र परिचित झाले. झाकण्यासाठी घडवलेले चित्रच अशा प्रकारे ध्वनिमुद्रिकेची मुख्य ओळख ठरले. हिप्नोसिस संस्था १९८३ साली बंद झाली. बॅरेट यांचे २००६ साली व थॉर्गरसन यांचे २०१३ साली निधन झाले. हिप्नोसिसच्या कार्यावर अँटोन कॉर्बाइन यांनी 'स्क्वेअरिंग द सर्कल' हा माहितीपट केला असून तो २०२२ साली प्रदर्शित झाला.