डॅव्हनपोर्ट, चार्ल्स बेनेडिक्ट

(१ जून १८६६ – १८ फेब्रुवारी १९४४). अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ व अमेरिकेतील सुप्रजाजनन चळवळीचे प्रमुख संघटक. जन्म कनेटिकटमधील स्टॅमफर्ड येथे. हार्व्हर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट (१८९२) मिळवून त्यांनी तेथे व नंतर शिकागो विद्यापीठात अध्यापन केले. कार्नेगी इन्स्टिट्यूशनने १९०४ मध्ये लाँग आयलंडवरील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे प्रायोगिक उत्क्रांती केंद्र स्थापन केले, त्याचे ते १९३४ पर्यंत संचालक होते. अमेरिकेत मेंडेलचे नियम लवकर उचलून धरणाऱ्यांत त्यांची गणना होते. डोळ्यांचा व केसांचा रंग, हंटिंग्टन रोग यांच्या आनुवंशिकतेवरील त्यांचे काम भोंदूपणाचे नव्हते. सुप्रजाजननाला छद्मविज्ञान म्हणून निकालात काढणाऱ्यांची अडचण इथेच होते: चळवळीला वजन आले ते या खऱ्या विज्ञानाच्या पुण्याईवर.

रेल्वे उद्योगपती हॅरिमन यांच्या विधवा पत्नी मेरी हॅरिमन यांच्या देणगीतून १९१० मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथेच सुप्रजाजनन नोंदणी कार्यालय उघडले. तेथे प्रशिक्षण घेतलेल्या क्षेत्र-कार्यकर्त्या, बहुतेक तरुण मुली, घरोघरी आणि मनोरुग्णालयांत जाऊन वंशावळी जमवत. एखाद्याचा मृत आजोबा ‘मंदबुद्धी’ होता की नाही, हे नातेवाइकांच्या वा शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ठरे, आणि ते कार्डावर चढले की पुरावा होऊन बसे. एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या दिसणारे ते जनुकातूनच आलेले, हे आधीच गृहीत धरलेले. गरिबी, आहार आणि शिक्षणही घरातूनच मिळते, याला या पद्धतीत जागाच नव्हती. नौदल अधिकाऱ्यांवरील १९१९ च्या ग्रंथात डॅव्हनपोर्ट यांनी समुद्राची ओढ हे लिंगसंलग्न अप्रभावी लक्षण ठरवले, कारण ती पुरुषांतच दिसते. स्त्रियांना नौदलात अधिकारी होताच येत नव्हते, हे कारण त्यांना पुरेसे वाटले नाही. (इतका हुशार माणूस असे लिहितो, तेव्हा दोष केवळ माहितीच्या अभावाचा नसतो.) पेलाग्रा रोगातही त्यांनी आनुवंशिक प्रवृत्तीवर भर दिला. त्याच सुमारास जोसेफ गोल्डबर्गर त्याचे मूळ निकृष्ट आहारात असल्याचे प्रयोगांनी दाखवत होते.

ते आपल्या काळाचे अपत्य होते, असा बचाव केला जातो. पण गोल्डबर्गर त्याच काळातले. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस आणि आनुवंशिकीतज्ज्ञ टी. एच. मॉर्गनही त्याच काळातले, आणि त्यांना यातल्या उणिवा दिसत होत्या. दुसरा बचाव असा, की कायद्यांचे राजकारण कार्यालयाचे अधीक्षक हॅरी लॉफलिन यांनी केले. सक्तीच्या निर्बीजीकरणाचा नमुना कायदा त्यांचाच, १९२४ च्या स्थलांतर कायद्याआधी काँग्रेससमोर साक्ष देणारेही तेच, हे खरे. डॅव्हनपोर्ट यांनी १९११ च्या ग्रंथात निर्बीजीकरणापेक्षा प्रजननक्षम वयात स्त्री-पुरुषांना वेगळे ठेवण्याला पसंती दिली होती, हेही नाकारता येत नाही. मात्र लॉफलिन यांना नेमणारे, पैसा उभा करणारे आणि संस्थेची प्रतिष्ठा त्यांच्या मागे उभी करणारे डॅव्हनपोर्टच होते. शिवाय कुणाला मूल होऊ द्यायचे हे तज्ज्ञांनी ठरवावे, यावर दोघांचे एकमत होते. मतभेद राहिला तो साधनाचा.

कार्नेगी इन्स्टिट्यूशनने नेमलेल्या समितीने १९३५ मध्ये कार्यालयाच्या नोंदी तपासल्या. मानवी आनुवंशिकीच्या अभ्यासाला त्या बहुतांशी निरुपयोगी आहेत, असा निर्वाळा तिने दिला. १९३९ अखेर कार्यालय बंद झाले.