परीटघडी

मे २०२४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, आपल्या देशभरातील प्रयोगशाळांतील मंडळींना एक आगळे आवाहन केले. सोमवारी इस्त्री न केलेले कपडे घालून कामावर या, असे ते आवाहन होते. मोहिमेचे नाव 'रिंकल्स अच्छे हैं'. मूळ कल्पना मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी यांच्या एनर्जी स्वराज फाउंडेशनची. कपड्यांच्या एका जोडाला इस्त्री करताना सुमारे २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असा त्यामागील हिशेब. थट्टेवारी न्यावी अशीच ही बातमी. परंतु ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या कुटुंबांनी तिचा विचार करावा असे आम्हांस वाटते. सुरकुती न पडणारे कापड ज्या परिसरात तयार झाले तो परिसर आपलाच, आणि इस्त्रीवाचून उंबरठा न ओलांडणारा चाकरमानीही आपलाच.

'इस्त्री' हा शब्द तसा घरचा नव्हे. त्याचे मूळ पोर्तुगीज भाषेतील 'एस्तिरार', म्हणजे ताणणे, या क्रियापदात सांगितले जाते. वसईचा मुलूख १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. ठाणे त्यांच्या हातून १७३७ साली गेले. पाव आणि बटाटा मागे राहिले तसा हा शब्दही राहिला. तत्पूर्वी आपल्याकडे कापड सारखे करण्याची रीत नव्हती असे मात्र नाही. नव्या कापडावर लाकडी मोगरीने ठोके देऊन त्याला तकाकी आणण्याच्या क्रियेस 'कुंदी' म्हणत. एखाद्याला बेदम चोप दिला की 'कुंदी काढली' म्हणतात, ते यावरूनच. घरोघरी निखारे भरलेला पितळी तांब्या कापडावरून फिरवीत, किंवा धोतराची घडी रात्री गादीखाली ठेवून देत. धोतर आणि लुगडे ही न शिवलेली वस्त्रे. ती अंगावर नेसतानाच चुणीदार होतात. त्यांना सपाट करण्याचा हट्ट कोण धरणार? परीट कपड्याला खळ घालून नेमकी घडी करी, तीच 'परीटघडी', आणि मराठी माणसाने नीटनेटकेपणाला तेच नाव देऊन टाकले. मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभूच्या रूपांतराचे वर्णन करताना सुवार्तिकाला परटाची आठवण होते, हे वाचकांच्या ध्यानात असेलच. तेथे गौरव आहे तो शुभ्रतेचा. घडीचा उल्लेख नाही.

घडीला प्रतिष्ठा आली ती शिवलेल्या कपड्यांबरोबर. बाहीचा सदरा, कडक कॉलर, पुढे पाटलोण. या कॉलरने भल्याभल्यांची परीक्षा पाहिली आहे. दक्षिण आफ्रिकेत वकिली करीत असता गांधीजींनी धोब्याचा खर्च वाचविण्यासाठी घरीच धुण्याचे व इस्त्रीचे सामान आणले. पहिल्याच प्रयत्नात खळ जास्त झाली, इस्त्री पुरेशी तापली नाही, आणि न्यायालयात कॉलरमधून खळ गळू लागली. सहकारी वकील हसले. गांधीजी त्या हसण्याने खचले नाहीत, असे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. त्याच प्रकरणात आपल्या महाराष्ट्राचाही एक धागा आहे. नामदार गोखले १९१२ मध्ये आफ्रिकेस गेले तेव्हा त्यांच्यापाशी न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले उपरणे होते. जोहान्सबर्गच्या मेजवानीस ते वापरायचे होते, पण चुरगळलेले होते. वकील म्हणून तुमच्यावर विश्वास आहे, धोबी म्हणून नाही, अशा अर्थाचे गोखले बोलले. तरी गांधीजींनी आग्रहाने इस्त्री केली आणि शाबासकी मिळविली. गुरूने दिलेले वस्त्र गोखले प्रसंगालाच काढीत, रोज नव्हे. आमच्या मते विवेक तो इथे आहे.

रोजची इस्त्री आणली आगगाडीने आणि कचेरीने. १८५३ साली गाडी ठाण्यास पोहोचली, १८५४ साली कल्याणला. पुढे मुंबईच्या कचेऱ्यांत कारकुनी करणारा वर्ग या मार्गावर वस्तीस आला. डोंबिवली तर त्याचे गावच झाले. चाळीतल्या दोन खोल्यांत राहणारा माणूसही साहेबासमोर उभा राहताना कडक इस्त्रीत असे. ते वस्त्र नव्हते, नोकरीची सनद होती. विनोद असा, की डोंबिवलीस चढतानाची घडी मुंब्र्यापर्यंतही टिकत नाही. ठाण्याला दारातून बाहेर फेकल्या गेलेल्या माणसाच्या सदऱ्याकडे पाहून त्याला घरी इस्त्री झाली होती की नव्हती, हे कोणी सांगून दाखवावे.

आता कापडाकडे वळू. कापसाचा धागा सेल्युलोजचा. त्यात ओल शिरली की रेणूंमधले नाजूक बंध सुटतात आणि वाळताना कापड ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत ते पुन्हा जुळतात. पिळा देऊन तसाच दोरीवर टाकलेला सदरा म्हणूनच चुरगळलेला राहतो. झटकून, शिवणी ओढून, खांद्यावर टांगून वाळवला तर निम्मे काम तिथेच होते. इस्त्री ओल, उष्णता आणि दाब यांनी तेच बंध पुन्हा मांडते. सुतीसाठी तिला २०० अंशांपर्यंत तापवावे लागते. कृत्रिम धाग्याला ११० पुरतात.

तो कृत्रिम धागा इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये सिद्ध केला. टेरिलीन हे त्याचे नाव. आपल्याकडे १९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यावर केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया हा कारखाना तो 'टेरीन' या नावाने काढू लागला. ठाण्यात १९२५ पासून रेमंडची लोकरी गिरणी होतीच. लोकरीत हा धागा मिसळून न चुरगळणारे पाटलोणीचे कापड तिने बाजारात आणले. कल्याणजवळ मोहोन्याला नॅशनल रेयॉन, शहाडला सेंच्युरी रेयॉन. धुवा, टांगा, घाला, हे वचन देणारे कापड आपल्या गावच्या भोंग्यावर तयार होत होते. लग्नात जावयाला टेरिकॉटचे कापड म्हणजे मान. मग इस्त्री संपली का? मुळीच नाही. टेरिकॉटलाही लोक कडक घडी पाडून घेऊ लागले, आणि तापमान चुकले की कापड चकाकून खराब होई. शिवाय आपल्या दमट हवेत तो सदरा घामाने अंगाला चिकटे. पुढे पैसा हाती आला तशी मंडळी सुतीकडे परतली, आणि सुरकुत्याही परतल्या. रेमंडची ठाण्याची गिरणी आणि मोहोन्याचा कारखाना २००९ मध्ये बंद पडले. गिरणीच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत.

इस्त्री कधीच गरजेची नव्हती असे म्हणणेही अन्यायाचे होईल. पहिल्या महायुद्धात खंदकांतले सैनिक गणवेशाच्या शिवणींवर गरम इस्त्री फिरवीत, ते उवांची अंडी मारण्यासाठी. आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस न वाळणारे लहान मुलांचे कपडे इस्त्रीनेच कोरडे करावे लागतात; घरात कुणाला नायटा असेल तर तेथेही ती उपयोगाची. आणि वेदीवर अंथरायचे 'कॉर्पोरल' हे वस्त्र नऊ चौकोनांत घडी पडेल असे इस्त्री करतात, ते दिखाव्यासाठी नव्हे. ख्रिस्तप्रसादाचा कण त्या घडीतच राहावा, खाली सांडू नये, म्हणून. इथे घडीला काम आहे.

पण उशीचे अभ्रे, घरातले झगे, पोराच्या खेळाच्या चड्ड्या, ऑफिसात कोणी पाहणारही नाही असे बनियन? चार माणसांच्या घरी रोज चार जोड इस्त्री करायचे म्हटले तर पाऊण तास जातो. १००० वॅटच्या इस्त्रीला तेवढ्या वेळात पाऊण युनिटापर्यंत वीज लागते. विजेचे एक वेळ सोडा. तो पाऊण तास बहुधा घरातल्या बाईचा असतो, रात्री भांडी आवरल्यानंतरचा, आणि त्याचा हिशेब कुठल्याच बिलात येत नाही. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या मुलीचा पांढरा झगा आईने हौसेने इस्त्री करावा. रविवारच्या मिस्सेला कुणाचा सदरा चुरगळलेला दिसला तर बाकावरून मागे वळून पाहण्याचे मात्र काही कारण आम्हांस दिसत नाही. परीट समाजात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा जन्मभर चिंध्यांचे ठिगळ अंगावर घेऊन स्वच्छतेचा उपदेश करीत हिंडले. स्वच्छता आणि घडी या दोन गोष्टींची त्यांनी कधीच गल्लत केली नाही.

राहिला तो इस्त्रीवाला. आपण घडी सोडली की त्याची चूल विझते, हे सोमवारच्या मोहिमेत कुठे येत नाही. लोणारी कोळशाची ती अवजड पितळी इस्त्री तो आठ-दहा तास ओढतो, धूर स्वतःच्या छातीत घेतो. २००५ नंतर भारनियमनाने आपली बटणे बंद पाडली, तेव्हा मुलांचे गणवेश त्याच्याच निखाऱ्यांवर शाळेत गेले. तमिळनाडूच्या तिरुवण्णामलै गावच्या विनिशा उमाशंकर या मुलीने नेमके त्याच्यासाठी सूर्यशक्तीवर चालणारी हातगाडी योजिली; २०२० मध्ये तिला त्याबद्दल स्वीडनचे बाल-हवामान पारितोषिक मिळाले, आणि २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत ती बोलली. घरची इस्त्री कमी करून प्रसंगाचे कपडे त्याच्याकडे द्यावेत, दर वाढवून द्यावा, आणि कोळसा सोडता येईल एवढी सोय त्याला करून द्यावी, असे आमचे मत. यात अवघड काही नाही. पण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय तासभर चालतो. जिन्याखालच्या त्या टेबलाला वीज द्यायची की नाही, हा प्रश्न 'ऐनवेळचे विषय' या सदरात येतो, आणि तोवर निम्मे सभासद घरी गेलेले असतात.