संगतीचा परिणाम

लंडनच्या उत्तरेस हार्पेन्डन येथें रॉथॅमस्टेड नांवाचें कृषि-संशोधन केंद्र आहे. तेथील ब्रॉडबाल्क शेतांत १८४३ पासून गव्हावर खतांचे प्रयोग चालू आहेत. १९१९ सालीं रोनाल्ड फिशर हा तरुण गणिती तेथें आला, तेव्हां कित्येक दशकांचे आंकडे त्याची वाट पाहत होते. शेत ही एक बंद पेटीच होय. बीं, खत, पाऊस आंत जातात, धान्य बाहेर येतें. मध्यें काय घडतें तें मातीच जाणे!

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या स्थिर ठेवाव्या, असा प्रयोगशास्त्राचा तेव्हां सर्वमान्य दंडक होता. दिसावयास तो अगदीं निर्दोष. परंतु समजा, नुसत्या नत्रानें पीक एकरीं एक मण वाढलें, नुसत्या पालाशानें मुळींच वाढलें नाहीं, आणि दोन्ही मिळून घातल्यावर तीन मण वाढलें. एकेकाची परीक्षा घेणारा पालाश निरुपयोगी ठरवून मोकळा होईल! वरचे दोन मण एकट्या नत्राचे नव्हेत, एकट्या पालाशाचेहि नव्हेत. ते त्यांच्या संगतीचे आहेत. १९२६ सालीं फिशरनें या दंडकावर उघड हल्ला चढविला. घटकांचे सर्व मेळ एकाच प्रयोगांत घ्यावे, आणि कोणता मेळ शेताच्या कोणत्या तुकड्यावर हें दैवगतीनें ठरवावें, असें त्याचें म्हणणें. तीन घटक दोन-दोन प्रमाणांत घेतले तर आठ मेळ होतात. दहा घेतले तर १०२४. एवढे तुकडे कोणत्या शेतांत मावणार?

आज बंद पेटी संगणकांत आहे. शेंकडों घटक गिळून ती कर्जदाराची पत ठरविते, रोग्याचा धोका सांगते. २००१ सालीं जेरोम फ्रीडमननें तींतील एकेका घटकाचा सरासरी परिणाम रेखाटण्याची युक्ति सुचविली. सरासरी मात्र भोळी असते. एकच घटक निम्म्या रोग्यांत धोका वाढवीत असला व निम्म्यांत तितकाच घटवीत असला, तर रेघ सपाट दिसते आणि वैद्य तो घटक सोडून देतो. म्हणून २००८ मध्यें फ्रीडमन व पोपेस्कु यांनीं दोन घटकांचा संयुक्त परिणाम त्यांच्या सुट्या परिणामांच्या बेरजेहून किती वेगळा पडतो, हें मोजणारें मान दिलें.

फिशरची एक सोय मात्र येथें नाहीं. त्याचे मेळ मातींत खरोखर पेरले जात. संगणकाची पेटी चाचपतांना वीस वर्षांचा आणि तीस वर्षें नोकरी झालेला असा माणूसहि तिच्यापुढें उभा केला जातो. त्याच्याविषयींहि ती बिनदिक्कत आंकडा देते, आणि तो आंकडा सरासरींत मिसळून जातो.