सीए-१२५ : रिपोर्टमधल्या एका आकड्याचा इतिहास

इतिहास म्हटलं की आपल्याला लढाया, तह, गडकिल्ले आठवतात. आजचा इतिहास आहे एका आकड्याचा. तोही लॅबच्या रिपोर्टमधल्या.

समजा, घरात कुणाचं तरी पोट फुगलंय. सोनोग्राफीत ओव्हरीजवळ, म्हणजे अंडाशयापाशी, गाठ दिसलीय. डॉक्टरांनी रक्ताची एक टेस्ट लिहून दिली : सीए-१२५. संध्याकाळी फोनवर पीडीएफ येते. नॉर्मल ३५ च्या आत, आणि आकडा ४१०. झालं! सगळं घर गूगल करत बसतं. पण हा आकडा मोजतो तरी काय? आणि तो ३५ आला कुठून?

त्यासाठी आधी म्यूसिन समजून घेऊ. भेंडी चिरताना बोटांना बुळबुळीत लागतं ना, तसा बुळबुळीतपणा आपल्या शरीरातही जागोजागी असतो. लाळेत, नाकात, आतड्यात, डोळ्यांवर. तो ज्या प्रथिनांमुळे येतो ती म्यूसिन्स. प्रथिनाचा एक लांब दोरा आणि त्यावर साखरेच्या रेणूंचे दाट झुबके, अशी त्यांची रचना. काही म्यूसिन्स मोकळी वाहतात, काही पेशीच्या अंगावर रोवलेली असतात. काम एकच : राखण. पेशी ओली ठेवायची, जंतूंना लांब ठेवायचं.

आता चला बोस्टनला. १९८१ साल. डॉ. रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी ओव्हरीच्या कॅन्सरच्या पेशी उंदरांना टोचल्या आणि त्यांच्यापासून अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार केल्या. एकामागून एक नमुने तपासता तपासता १२५ क्रमांकाचा नमुना कामाचा निघाला. त्याची अँटीबॉडी कॅन्सरच्या पेशींना चिकटायची, निरोगी अंडाशयाला नाही. ती ज्याला चिकटते ते कॅन्सर अँटीजेन १२५, म्हणजेच सीए-१२५. नावामागे एवढंच रहस्य!

१९८३ मध्ये याच टीमने रक्तात तो मोजून दाखवला. ८८८ निरोगी माणसांपैकी जेमतेम १ टक्का लोकांचा आकडा ३५ च्या वर होता. ओव्हरीच्या कॅन्सरच्या १०१ रुग्णांपैकी ८३ जणींचा वर होता. रिपोर्टमधला ३५ तो हा. शिवाय, उपचार लागू पडले की आकडा उतरतो आणि आजार बळावला की चढतो, हेही दिसलं.

साहजिकच आशा वाढली. हा कॅन्सर बहुतेक वेळा उशिरा कळतो. मग सगळ्या बायकांची ही टेस्ट करून तो लवकर पकडता येईल का? ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात २ लाखांहून जास्त स्त्रिया एका चाचणीत सहभागी झाल्या. अनेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. २०२१ मध्ये अंतिम निकाल आला. दरवर्षी सीए-१२५ तपासलेल्या गटात कॅन्सर थोडे लवकर सापडले खरे, पण मृत्यू कमी झाले नाहीत.

दुसरा धक्का २०१० चा. उपचार संपवून बऱ्या झालेल्या ५२९ जणींचा आकडा पुन्हा चढू लागला होता. निम्म्यांना लगेच केमो दिली, बाकीच्यांना त्रास सुरू झाल्यावर. पहिल्या गटाला औषध काही महिने आधी मिळालं. आयुष्य मात्र वाढलं नाही.

म्हणजे बातमी लवकर कळली, पण त्या बातमीचं करायचं काय, हे तेव्हाच्या औषधांकडे नव्हतं.

मजा म्हणजे, टेस्ट जगभर वापरात येऊन वर्षं लोटली तरी आपण नक्की काय मोजतोय हे कुणाला माहीत नव्हतं! २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी त्याचं जनुक शोधलं आणि कळलं, अरे, हे तर एक म्यूसिन आहे. नाव ठेवलं मक-१६. शरीरातल्या सगळ्यात मोठ्या प्रथिनांपैकी एक. पुढे हेही दिसलं की कॅन्सरची पेशी ही राखण स्वतःसाठी वापरते. आपल्या प्रतिकारशक्तीतल्या एनके पेशी कॅन्सरला मारायला जातात, पण मक-१६ च्या दाट झुबक्यांमुळे त्यांना पेशीला नीट भिडताच येत नाही. घराचा राखणदार चोराला जाऊन मिळाला म्हणा ना.

मग ढालीवरच हल्ला का करू नये? प्रयत्न झाले. ओरेगोव्होमॅब ही सीए-१२५ ला पकडणारी अँटीबॉडी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात, केमोनंतर नुसती ती देऊन फायदा दिसला नाही. अबॅगोव्होमॅब ही लसीसारखी दिलेली अँटीबॉडी, ८८८ रुग्णांमध्ये. २०१३ चा निकाल असा : शरीराने प्रतिसाद दिला, अँटीबॉडी बनल्या, तरी कॅन्सर परतायचा तो परतलाच.

असं का व्हावं? एक कारण असं मानलं जातं. सीए-१२५ हा मक-१६ चा तुटून रक्तात वाहणारा भाग. त्यालाच लक्ष्य करणारं औषध त्या तुकड्यांनाच चिकटत बसतं. खरी पेशी मागेच राहते, अंगावर मक-१६ चा उरलेला बुंधा घेऊन. म्हणून आता संशोधकांचा नेम त्या बुंध्यावर आहे. काही औषधं एका हाताने बुंधा आणि दुसऱ्या हाताने टी-पेशी धरून दोघांना समोरासमोर आणतात. काही प्रयोगांत रुग्णाच्याच टी-पेशींना तो बुंधा ओळखायला शिकवलं जातं. या सगळ्याच्या माणसांवर चाचण्या सुरू झाल्या आहेत. औषध म्हणून विश्वास टाकायला अजून वेळ आहे.

आता परत आपल्या पीडीएफकडे. हा आकडा एंडोमेट्रिऑसिसमध्ये वाढतो, फायब्रॉइडमध्ये वाढतो, पाळीच्या दिवसांतही वाढू शकतो. आणि आपल्याकडे विसरू नये असं एक कारण : पोटाचा टीबी. त्यात पोटात पाणी होतं, आकडा शेकड्यांत जातो, चित्र अगदी कॅन्सरसारखं दिसतं, आणि तो गोळ्यांनी बरा होतो. उलट, सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये आकडा नॉर्मलही असू शकतो.

म्हणून ४१० बघून रडारड नको, आणि २० बघून निश्चिंतीही नको. डॉक्टरांना विचारा : सोनोग्राफी काय म्हणते? टीबी तपासला का? उपचार चालू असतील तर मागच्या वेळेपेक्षा आकडा चढलाय की उतरलाय? उपचार कसे चाललेत हे सांगायला हा आकडा आजही उपयोगी आहे. निकाल द्यायचं काम मात्र त्याच्यावर सोपवू नका.

हा भाग घरच्या ग्रुपवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!