कुंकू काळे का दिसते? पेण-रोह्याचा उजेड आणि फोटो-स्टुडिओचा इतिहास

१/ कोकणातील जुन्या घरांच्या माजघरात पणजोबा-पणजीचा एखादा फोटो हमखास टांगलेला असतो. पणजोबा खुर्चीवर, पणजी शेजारी उभी. दोघेही गंभीर. पणजीच्या कपाळावरचे कुंकू मात्र लाल असूनही फोटोत शाईसारखे काळे उतरलेले. हे कुंकू काळे का, चेहऱ्याची एकच बाजू उजळ का आणि त्या उजेडाची किंमत कोणी मोजली, याचा हा थ्रेड. 🧵

२/ आरंभ मुंबईचा. फोटोग्राफीचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या कलेचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते. एल्फिन्स्टनच्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत व्यावसायिक स्टुडिओ चालवला.

३/ त्या काळची पद्धत 'ओल्या प्लेट'ची. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घेऊन लगेच धुवायची. सारा खेळ काही मिनिटांचा. त्यातही प्लेट मंद असल्याने गिऱ्हाइकाला काही सेकंद निश्चल बसावे लागे. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोंतील गंभीरपणाचे एक कारण हेच: इतका वेळ एकसारखे हसू टिकवणे कठीण.

४/ विजेचे दिवे नव्हते, तेव्हा स्टुडिओ म्हणजे 'काचघर'. इमारतीच्या वरच्या मजल्यावर छताचा आणि भिंतीचा काही भाग काचेचा. युरोपीय पुस्तकांतील नियम असा की काचा उत्तरेकडे असाव्यात, कारण उत्तरेकडून ऊन थेट आत येत नाही. येतो तो आकाशाचा मऊ, एकसारखा उजेड. लंडन-पॅरिसमध्ये हा नियम बाराही महिने खरा ठरतो.

५/ कोकणात तो खरा ठरत नाही. पेण साधारण १८.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि रोहा त्याच्या थोडे दक्षिणेला. सूर्य मात्र उन्हाळ्यात २३.५ अंशांपर्यंत उत्तरेला सरकतो. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत येथे भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या उत्तरेला असतो आणि पुस्तकाप्रमाणे बांधलेल्या उत्तरेच्या काचेतून ऊन थेट गिऱ्हाइकाच्या तोंडावर पडते. यावर उपाय पडद्यांचा. काचेखाली दोऱ्यांवर सरकणारे पातळ पांढरे पडदे लावायचे आणि घटकेघटकेला ते पुढेमागे करायचे. पडदा कुठवर ओढायचा हे ज्याला कळले, तो खरा फोटोग्राफर.

६/ मग पावसाळा. पेण-रोह्याच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ढगाळ उजेड चेहऱ्याला छान, कारण सावल्या मऊ पडतात. पण तो अपुरा असतो आणि दर घटकेला बदलतो. फोटोला लागणारा वेळ वाढतो, मूल हलते, प्लेट वाया जाते. उजेडावर चालणाऱ्या धंद्यासाठी हे चार महिने म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा.

७/ १८८० च्या सुमारास जिलेटिनच्या 'कोरड्या प्लेट' बाजारात आल्या आणि चित्र पालटले. कारखान्यात तयार झालेली प्लेट महिनोन्‌महिने टिके आणि फोटो घेतल्यावर सवडीने धुता येई. रसायनांचा तंबू सोबत नेण्याची गरज संपली, त्यामुळे फोटोग्राफीचा धंदा मोठ्या शहराबाहेर तालुक्याच्या गावीही परवडण्याजोगा झाला. कुलाबा जिल्ह्याला मुंबईचा माल जलमार्गाने धरमतरच्या बंदरापर्यंत येई आणि तेथून पेण जवळ.

८/ कोरड्या प्लेटने एक नवी अडचण आणली. जिलेटिन कोमट पाण्यात फुगते, काठाने सुटते आणि अधिक उष्णतेत चक्क वितळते. थंड देशात ही तक्रार क्वचितच येई. कोकणातील मे महिन्यात ती रोजची. म्हणून प्लेट रात्री किंवा पहाटे धुवायच्या, पाणी मातीच्या घड्यात निववायचे आणि तुरटीच्या द्रावणाने थर कठीण करून घ्यायचा. पावसाळ्यात त्याच जिलेटिनवर बुरशी चढे.

९/ आता कुंकवाचे कोडे. आरंभीच्या प्लेटना मुख्यतः निळा-जांभळा प्रकाशच 'दिसे'. पुढच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटना हिरवा-पिवळाही कळू लागला, पण लाल नाहीच. ज्या रंगाची नोंद प्लेटवर होत नाही, तो छापात काळा उतरतो. म्हणून कुंकू काळे, लाल पागोटे काळे आणि निळे आकाश कोरे पांढरे. डार्करूममध्ये तांबडा कंदील चाले, त्याचेही कारण हेच: प्लेट त्या रंगाला आंधळी होती.

१०/ या आंधळेपणाचा फटका माणसांच्या चेहऱ्यांनाही बसला. गव्हाळ आणि सावळ्या कांतीत तांबूस-पिवळ्या छटा अधिक असतात, त्यामुळे ती फोटोत प्रत्यक्षाहून गडद उतरे. त्यातच पांढरेशुभ्र धोतर आणि उपरणे. चेहऱ्यापुरता उजेड घ्यावा तर कपड्याच्या चुण्या नाहीशा होत आणि कपडे सांभाळावेत तर चेहरा काळवंडे. ही साधने ज्यांनी घडवली, त्यांच्यासमोर अशी कांती आणि असा पेहराव क्वचितच येई.

११/ स्टुडिओतील उपाय साधे होते. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरी चादर ताणायची, म्हणजे उजेड परतून चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूवर येतो. गिऱ्हाइकाला किंचित तिरपे बसवायचे, म्हणजे खिडकीचा उजेड आधी चेहऱ्याला मिळतो आणि पांढरे वस्त्र आडोशाला जाते. राहिलेले काम पेन्सिलीचे. निगेटिव्हवर टोकदार शिशाने बारीक रेघा मारल्या की छापात तो भाग उजळतो. डोळ्यांखालच्या सावल्या अशाच पुसल्या गेल्या.

१२/ या धंद्याची एक वाट सिनेमाकडे गेली. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी गोध्र्यात फोटो-स्टुडिओ काढला. १९०० मध्ये प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल हिरावले आणि त्यांनी गोध्रा सोडले. बडोद्यात धंदा पुन्हा मांडला, तेव्हा कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो ही समजूत आड आली. पुढे १९१२ मध्ये दादरच्या बंगल्याच्या आवारात चित्रीकरणाची तयारी करताना त्यांनी एक छोटे काचघर उभारले. फोटो-स्टुडिओची जुनी युक्ती सिनेमाच्या कामी आली. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला.

१३/ सूर्य नसेल तेव्हा काय? १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची स्फोटक पूड निघाली. तबकात पूड ठेवून पेटवली की क्षणभर लख्ख उजेड आणि मागोमाग खोलीभर पांढरा धूर. एका बैठकीत दुसरा फोटो घेणे अवघड, हात भाजण्याची भीती वेगळी आणि उजेड इतका कठोर की डोळे विस्फारलेले दिसत. लग्नाच्या मांडवात ती चालून जाई. चेहऱ्याच्या फोटोसाठी खिडकीच बरी.

१४/ खरा बदल विजेने घडवला आणि येथे कुलाबा जिल्हा कथेच्या मध्यभागी येतो. सह्याद्रीच्या माथ्यावर धरणात पाणी अडवायचे, नळांतून कोकणात सोडायचे आणि पायथ्याशी वीज करायची, अशी टाटांची योजना होती. खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये. तिन्ही केंद्रे आजच्या रायगड जिल्ह्यात आहेत. भिऱ्याचे पाणी वीज करून झाल्यावर कुंडलिका नदीतून कोलाडवरून थेट रोह्याला जाते.

१५/ ही वीज स्वस्तात आली नाही. भिऱ्यासाठी घाटमाथ्यावर मुळशीचे धरण बांधले गेले आणि मावळातील सुमारे पन्नास गावांच्या जमिनी त्यात जाणार होत्या. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. सत्याग्रह हरला, गावे बुडाली आणि वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे आणि वस्तीकडे गेली.

१६/ भिरा केंद्र सुरू झाले १९२७ मध्ये. पुढच्याच वर्षी मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये व्हिक्टर ससून यांनी हॅमिल्टन स्टुडिओ काढला. मोठ्या विद्युत दिव्यांखाली चेहरे टिपणारा हा स्टुडिओ पुढे फार नावाजला. आता फोटोग्राफर उजेडाची वाट पाहत नव्हता; दिवा हवा तेथे ठेवत होता. मुंबईत तेव्हा वापरली जाणारी वीज प्रामुख्याने सह्याद्रीच्या पाण्याचीच होती.

१७/ दिवा एकटा पुरेसा नव्हता. विजेच्या तापणाऱ्या दिव्याचा उजेड तांबूस असतो आणि जुन्या प्लेट तर तांबड्याला आंधळ्या. त्यामुळे सर्व रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट आणि फिल्म रुळल्या, तेव्हाच दिव्याचा पुरता उपयोग झाला. त्याच फिल्मवर कुंकवाचा काळेपणा ओसरला. तांबूस दिव्याखाली तर ते इतके फिके उतरू लागले की कधी कधी हाताने पुन्हा रंगवावे लागे. घरातील फोटोचा काळ अजमावताना कुंकवाची छटा हा एक उपयुक्त पुरावा ठरतो.

१८/ आणि ज्या जिल्ह्यातून वीज गेली, तेथे? गावोगावी वीज नेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले ते १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यानंतर. रोह्यापर्यंत रेल्वे पोचायला १९८६ उजाडले. तालुक्याच्या गावातील छोट्या स्टुडिओची घडण या उशिरानेच केली. वीज आली तरी ती जाई, म्हणून खिडकी कधी बुजवली गेली नाही. पांढरी चादर खुंटीवर तशीच राहिली.

१९/ दोनच बल्ब असलेल्या स्टुडिओचे गणितही ठरलेले. बल्ब दुप्पट अंतरावर नेला की उजेड चौथाई होतो. म्हणून एक बल्ब जवळ, एका बाजूला आणि थोडा उंच. दुसरा विरुद्ध बाजूला, लांब. बल्बपुढे पातळ कागद किंवा मलमल धरली की सावल्यांची धार मोडते. जे काम काचघरात पडदे आणि चादर करत, तेच येथे अंतर आणि कागद करू लागले.

२०/ जुन्या फोटोतील उजेड कोठून आला, हे ओळखण्याची सोपी खूण डोळ्यांत असते. बुबुळावरचा पांढरा ठिपका भिंगातून पाहावा. चौकोनी असेल तर खिडकी किंवा काचघर, गोल असेल तर दिवा, दोन असतील तर दोन दिवे. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी सर्वांत कुशल हाताकडे देतात, कारण नजर जमली नाही तर मूर्ती निर्जीव वाटते. फोटोग्राफरचीही अडचण तीच होती. फक्त त्याला हा ठिपका ब्रशाऐवजी खिडकीने काढावा लागे.

२१/ या स्टुडिओंचा इतिहास वेगाने नाहीसा होत आहे. दुकान बंद झाले की निगेटिव्ह भंगारात जातात. काचेच्या प्लेट तर अनेक ठिकाणी खरवडून तसबिरींना किंवा खिडक्यांना बसवल्या गेल्या. उरलेल्यांना कोकणची दमट हवा आणि बुरशी पुरेशी आहे. ज्या काळात सामान्य माणसाचा उभ्या आयुष्यात एखादाच फोटो निघे, तेथे एक प्लेट जाणे म्हणजे त्या माणसाचा चेहरा कायमचा जाणे.

२२/ म्हणून गणपतीला किंवा मे महिन्यात गावी गेल्यावर माजघरातील तो फोटो खाली उतरवावा. मागच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का आहे का, कुंकू किती काळे आहे, डोळ्यांत खिडकी दिसते की दिवा, हे पाहावे. फोटोतील माणसे कोण, हे घरातील थोरांना विचारून मागे पेन्सिलीने हलकेच लिहावे. शाईचे पेन वापरू नये. पावसाळ्यात शाई पुठ्ठ्यातून फोटोवर उतरते.